आफ्रिकी केसांसाठी वनस्पतींचा उपयोग: पायरीपायरीने

माझी सून नैरोबीची आहे आणि नातीने केस आईचे घेतले आहेत. घट्ट वेटोळ्यांचे हे केस ओले असताना खांद्यापर्यंत येतात आणि वाळले की आखडून कानाच्या पाळीशी थांबतात. नात तीन वर्षांची असताना सुट्टीत पुण्याला आमच्याकडे राहायला आली, तेव्हा माझ्या आईने माझ्या केसांसाठी जे केले तेच मी तिच्या केसांसाठी केले. रोज सकाळी कोरड्या केसांना खोबरेल लावले, बारीक दातांच्या फणीने मुळापासून टोकापर्यंत विंचरले आणि दोन घट्ट वेण्या घातल्या. महिन्याभरात फणीत केसांचे आखूड तुकडे येऊ लागले आणि तिच्या कानशिलांवरचे केस विरळ झाले. पुढच्या वर्षी आम्ही नैरोबीला गेलो असताना विहीणबाईंनी माझ्या हातातली फणी शांतपणे काढून घेतली, नातीच्या डोक्यावर पाणी शिंपडले आणि बोटांनी गुंता सोडवायला बसल्या. त्या दिवसापासून जे शिकले, वाचले आणि करून पाहिले, ते इथे क्रमाने मांडते आहे. आफ्रिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांना, आफ्रिकी विद्यार्थिनींचे केस हाताळणाऱ्या पार्लरमधील मुलींना आणि माझ्यासारख्या आज्यांना त्याचा उपयोग व्हावा.

वाढ होते, पण टिकत नाही

आफ्रिकी वंशाच्या माणसांत केसाचे कूप, म्हणजे केस जिथून उगवतो ती त्वचेतली नळी, वाकडे असते आणि केसाचा छेद गोल नसून चपट्या लंबवर्तुळासारखा असतो, म्हणून केस वेटोळी घेत वाढतो. सरळ केसावरून डोक्याचे नैसर्गिक तेल सहज खाली उतरते, पण वेटोळ्यांवरून ते उतरत नाही. त्यामुळे मुळाशी तेलकटपणा आणि टोकाशी कोरडेपणा अशी स्थिती कायम राहते. प्रत्येक वळणावर केस किंचित पिळलेला व नाजूक असतो, शेजारच्या वेटोळ्यांत अडकून त्याच्या गाठी बसतात आणि फणीचा ताण आला की तो नेमका अशाच ठिकाणी तुटतो.

वाढीचा वेगही थोडा कमी असतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक मोजणीत आफ्रिकी केस दिवसाला सरासरी २५६ मायक्रोमीटर वाढलेले आढळले, तर गोऱ्या युरोपीय लोकांचे केस ३९६ मायक्रोमीटर. म्हणजे वर्षाला साधारण ९ सेंटिमीटर आणि १४ सेंटिमीटर असा हा फरक आहे. पण वर्षाला ९ सेंटिमीटर वाढणारे केस पाच वर्षांनीही मानेपर्यंतच राहत असतील, तर याचा अर्थ ते वाढत नाहीत असा नसून जेवढे वाढतात तेवढेच टोकाकडून तुटतात असा आहे. हे एकदा मनात पक्के झाले की वनस्पतींकडून काय मागायचे तेही ठरते. केस मुळातून झपाट्याने बाहेर काढणारी जडीबुटी शोधण्यात वेळ आणि पैसा घालवू नये. टाळू निरोगी राखणे आणि उगवलेला केस न तुटू देणे ही दोन कामे वनस्पती चांगली करतात, आणि पुढचा सगळा क्रम या दोन कामांभोवती रचलेला आहे.

आफ्रिकेतील जुन्या पद्धती पाहिल्या तर त्यांच्याही मुळाशी हीच समज दिसते. चाड देशातील बसारा अरब स्त्रियांचे केस कंबरेपर्यंत पोहोचतात. त्या चेबे नावाची पूड तेलात किंवा चरबीत कालवून केसांच्या लांबीवर लावतात, वेण्या घालतात आणि त्या वेण्या उगाच सोडत नाहीत. तिथून हजारो किलोमीटर दक्षिणेला नामिबियात म्बालांतू मुलींच्या केसांवर झाडाच्या सालीची बारीक पूड आणि तेल यांचा जाड लेप देण्याची रीत होती. त्याच देशातील हिंबा स्त्रिया आजही लोणी, तांबडी माती आणि सुगंधी राळ यांचे मिश्रण केसांच्या पेडांवर थापतात. ही राळ ज्या झुडपाची, ते आपल्या गुग्गुळाच्या कुळातील आहे. वनस्पती निराळ्या, लोक निराळे, पण सर्वत्र केस वंगणाने झाकला जातो, पेडात बांधला जातो आणि वारंवार हाताळला जात नाही. पूड तेवढी विकत आणून बाकीची रीत सोडून दिली, तर फारसे काही हाती लागत नाही.

पहिली पायरी: केस गळतो की तुटतो, ते पाहणे

कोणतीही वनस्पती आणण्याआधी दोन आठवडे फणीत आणि उशीवर पडलेले केस पांढऱ्या कागदावर ठेवून पाहावेत. मुळापासून गळलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढुरका गोळा असतो आणि तो केस ताणल्यावर त्या डोक्यावरील इतर केसांएवढा लांब भरतो. तुटलेला तुकडा आखूड असतो आणि त्याला असा गोळा नसतो. दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. आठवडाभर वेणीत असलेले केस सोडल्यावर पुंजका मोठा दिसतो, कारण सात दिवसांची गळ एकदम हातात येते. त्याला घाबरू नये.

आखूड तुकडे जास्त असतील तर पुढच्या सर्व पायऱ्या तुमच्यासाठी आहेत. मुळासकट गळ जास्त असेल तर कारण बहुधा शरीरात असते. लोहाची कमतरता, थायरॉइडचा विकार, बाळंतपणानंतरचे महिने, मोठा ताप किंवा अचानक कमी झालेले वजन यांपैकी काही आहे का, हे रक्ततपासणी करून डॉक्टरांकडून समजून घ्यावे.

काही लक्षणे दिसली तर घरगुती उपाय करत बसू नये. लहान मुलाच्या डोक्यावर खवले असलेले चट्टे, तिथे तुटलेले केस किंवा काळे ठिपके दिसत असतील तर तो डोक्याचा गजकर्ण असू शकतो. बुरशी केसाच्या कूपात शिरलेली असल्यामुळे तो नुसत्या लेपाने बरा होत नाही आणि पोटातून औषध घ्यावे लागते. प्रौढ स्त्रियांत डोक्याच्या मध्यभागापासून केस विरळ होत जाणे, तिथे जळजळ किंवा दुखणे आणि त्वचा गुळगुळीत, चकाकणारी दिसणे ही व्रण पडून होणाऱ्या टकलाची लक्षणे असू शकतात. हा विकार आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांत जास्त आढळतो. एकदा व्रण पडला की तिथे केस परत येत नाहीत, म्हणून महिनाभरही थांबू नये. घट्ट वेण्यांमुळे कानशिलांवर आणि कपाळावरच्या रेषेत होणारी विरळता लवकर लक्षात आली तर भरून येते. वर्षानुवर्षे ताण चालू राहिला तर तीही कायमची होते.

दुसरी पायरी: कामानुसार वनस्पती निवडणे

एकाच वेळी पंधरा पुड्या आणण्याची गरज नाही. चार कामे आहेत आणि प्रत्येक कामाला एक वस्तू पुरते.

पहिले काम गुंता सोडवण्याचे आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे हेच. त्यासाठी बुळबुळीत वनस्पती लागते. चाडमध्ये अंबुनू नावाची, तिळाच्या कुळातील एका झुडपाची पाने वापरतात. वाळलेली पाने गरम पाण्यात टाकली की दहा-पंधरा मिनिटांत पाणी भेंडीच्या पाण्यासारखे तारदार होते. अंबुनू मिळाले नाही तर मेथीदाणे, जवस किंवा आपल्या परसातील जास्वंदीची पाने तेच काम करतात. मेथी तर इथिओपियात अबिश आणि सुदानमध्ये हिल्बा या नावाने घरोघरी असते, त्यामुळे ती तिथल्या केसांना परकी नाही.

दुसरे काम केसातील पाणी टिकवण्याचे. इथे शिया लोण्याला तोड नाही. शियाचे झाड सेनेगलपासून युगांडापर्यंत पसरलेल्या गवताळ पट्ट्यात वाढते आणि त्याच्या बियांपासून लोणी काढण्याचे काम मुख्यतः स्त्रिया करतात. पश्चिम आफ्रिकेतील शिया घट्ट असते, तर युगांडाच्या उत्तर भागातील व दक्षिण सुदानमधील निलोटिका जातीचे शिया मऊ असून हातावर लगेच वितळते. लहान मुलांच्या नाजूक केसांसाठी मला निलोटिका अधिक सोयीचे वाटते. शियासोबत बाओबाबचे तेल चांगले जमते. बाओबाब म्हणजे आपली गोरखचिंच. वसई आणि मुंबईच्या परिसरात तिची जुनी, फुगीर खोडाची झाडे आजही उभी आहेत.

एरंडेलही याच कामाचे. जमैका आणि हैतीत बिया भाजून काढलेले काळसर एरंडेल प्रसिद्ध आहे. एरंडाचे मूळ पूर्व आफ्रिकेतले मानले जाते आणि गुलामगिरीच्या काळात हे ज्ञान माणसांबरोबर समुद्रापार गेले. एरंडेल फार दाट असते. ते नुसतेच लावले तर केस एकमेकांना चिकटून न सुटणारा गुंता होऊ शकतो, म्हणून एक भाग एरंडेलात तीन भाग पातळ तेल मिसळावे. एरंडाच्या बियांत रिसिन हे तीव्र विष असते, त्यामुळे घरी बिया भाजून तेल काढण्याचा प्रयोग करू नये. तयार गाळलेले तेलच घ्यावे.

तिसरे काम धुण्यापूर्वी केसाचे रक्षण करण्याचे, आणि त्यासाठी आपले खोबरेल उत्तम आहे. २००३ साली मुंबईतील एका तेल-उद्योगाच्या संशोधकांनी दाखवले की खोबरेल केसाच्या आत शिरून धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, तर सूर्यफुलाचे आणि खनिज तेल तसे करत नाही. संशोधन खोबरेल विकणाऱ्यांचे आहे हे ध्यानात ठेवावे, पण कारण पटण्यासारखे आहे, कारण खोबरेलातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असतो. माझी चूक खोबरेल निवडण्यात नव्हती. ते मी कोरड्या केसांवर, पाण्याशिवाय लावत होते. तेल ओलावा देत नाही, असलेला ओलावा फक्त अडवून धरते.

चौथे काम टाळूचे. इथे रोझमेरीला थोडासा शास्त्रीय आधार आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या इराणमधील चाचणीत अनुवंशिक टक्कल पडू लागलेल्या १०० जणांपैकी निम्म्यांनी रोझमेरीचे तेल आणि निम्म्यांनी २ टक्के मिनॉक्सिडिल हे टकलावरचे औषध वापरले. तीन महिन्यांनी दोन्ही गटांत केसांच्या संख्येत फारसा बदल नव्हता, सहा महिन्यांनी दोन्हींत केसांची संख्या सारखीच वाढलेली दिसली. ही चाचणी आफ्रिकी केसांवर नव्हती आणि तुटणाऱ्या केसांवरही नव्हती, म्हणून तिच्यातून चमत्काराची अपेक्षा करू नये. सहा महिने धीर धरावा लागतो, ही गोष्ट मात्र तिच्यातून जरूर घ्यावी. केनियात टाळूच्या खाजेवर कडुनिंब वापरतात. स्वाहिलीत त्याला म्वारोबाइनी म्हणतात. आरोबाइनी म्हणजे चाळीस, आणि हे झाड चाळीस रोगांवर चालते अशी तिथली समजूत आहे. विहीणबाईंच्या अंगणात त्याचे झाड पाहून मला आपल्या गावचा पार आठवला.

आवळा, माका, ब्राह्मी आणि शिकेकाई या आपल्या वनस्पती अमेरिका-ब्रिटनमधील आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांत बऱ्याच लोकप्रिय झाल्या आहेत. त्या वापरायला हरकत नाही. पण सरळ केसांवर आपण पुडीचा लेप लावतो तसा इथे लावू नये, कारण पुडीचे कण वेटोळ्यांत अडकतात, ते निघेपर्यंत केस घासावे लागतात आणि तुटतात. पूड भिजवून, मलमलीतून दोनदा गाळून फक्त पाणी वापरावे. शिकेकाईने केस कोरडे होतात असे आढळले तर ती बंद करावी.

तिसरी पायरी: घरी तयारी

मेथीचे पाणी असे करावे. दोन मोठे चमचे मेथीदाणे दीड कप पाण्यात रात्रभर भिजवावेत, सकाळी मंद आचेवर पाच मिनिटे उकळावेत आणि गरम असतानाच मलमलीच्या कापडातून पिळून काढावेत. थंड झाल्यावर हा द्रव इतका दाटतो की तो कापडातून उतरत नाही. फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतो, वास बदलला की टाकून द्यावा. ज्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्यांनी मेथी टाळावी, कारण दोन्ही एकाच कुळातील आहेत आणि एकीची ॲलर्जी असणाऱ्याला दुसरीचीही होऊ शकते. त्यांनी जवस घ्यावा. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात सात-आठ मिनिटे उकळून, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा दाटपणा येताच गाळावा.

रोझमेरीचे तेल दोन प्रकारे होते. वाळलेली पाने वापरायची असल्यास २० ग्रॅम पाने २०० मिलिलिटर तिळाच्या किंवा ऑलिव्हच्या तेलात घालून, ते भांडे गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून, दोन तास अगदी मंद आचेवर राहू द्यावे आणि मग गाळून गडद बाटलीत भरावे. पाने पूर्ण वाळलेली असणे आवश्यक आहे, कारण ओलसर पानांमुळे तेल बुरसते. दुसरा प्रकार तयार अर्काचा, म्हणजे इसेन्शियल ऑइलचा. ३० मिलिलिटर तेलात १२ थेंब रोझमेरीचा अर्क टाकला की साधारण २ टक्के मिश्रण होते. अर्क नुसता कधीही टाळूला लावू नये. गरोदर स्त्रिया, अपस्माराचे रुग्ण आणि सहा वर्षांखालील मुले यांच्यासाठी अर्क वापरू नये. माझ्या नातीसाठी आम्ही तो अद्याप वापरलेला नाही.

चेबेची पूड बाजारात तयार मिळते. तिच्यात क्रोटन जातीच्या झुडपाच्या भाजलेल्या बिया हा मुख्य घटक असतो आणि त्याबरोबर महलब नावाची चेरीच्या जातीची बी, लवंग, डिंक व सुगंधी द्रव्ये असतात. दोन मोठे चमचे पूड, ५० ग्रॅम वितळवलेले शिया लोणी आणि १०० मिलिलिटर तिळाचे तेल एकत्र कालवावे. पूड फार हलकी असते आणि नाकातोंडात जाते, म्हणून कालवताना तोंडावर रुमाल बांधावा आणि दमा असलेल्यांनी हे काम दुसऱ्याकडून करून घ्यावे. ज्यांना केसांत कण नको असतील त्यांनी हेच मिश्रण पाण्याच्या पातेल्यात तासभर कोमट ठेवून गाळून घ्यावे.

रोजच्या वापरासाठी शियाचे मलम करताना १०० ग्रॅम शिया मंद आचेवर जेमतेम वितळवावे, त्यात ३० मिलिलिटर बाओबाबचे किंवा तिळाचे तेल घालावे आणि भांडे लगेच फ्रिजमध्ये ठेवावे. शिया सावकाश गार झाले की रवाळ होते, झटकन गार झाले की मऊ राहते. अर्धवट घट्ट झाल्यावर ताक घुसळतो तसे रवीने घुसळून बरणीत भरावे.

लाल अंबाडीच्या फुलांचे पाणी ही शेवटची तयारी. नायजेरियात झोबो, सेनेगलमध्ये बिसाप आणि सुदानमध्ये करकदे या नावाने याच फुलांचे पेय पितात. एक मोठा चमचा वाळलेली फुले अर्धा लिटर उकळत्या पाण्यात टाकून थंड होईपर्यंत झाकून ठेवावीत आणि गाळावीत. हे पाणी आंबट असते. साबणासारख्या अल्कधर्मी पदार्थाने केसाचे खवले फुगतात, ते आम्लाने पुन्हा बसतात. त्याचा रंग टॉवेलला आणि फिकट केसांना लागतो.

प्रत्येक नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास पाहावी, मगच डोक्याला लावावी. मेंदीबाबत वेगळा इशारा द्यायला हवा. सुदान, मोरोक्को आणि उत्तर नायजेरियात मेंदीची परंपरा मोठी आहे, पण जी-६-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या बाळांत व मुलांत मेंदीमुळे रक्तपेशी फुटून कावीळ आणि रक्तक्षय झाल्याची उदाहरणे आहेत. आफ्रिकेच्या अनेक भागांत ही कमतरता बऱ्यापैकी आढळते. लहान मुलांना मेंदी लावू नये, आणि काळी मेंदी म्हणून विकली जाणारी पूड कोणीच लावू नये, कारण तिच्यात बहुधा तीव्र ॲलर्जी उठवणारे रसायन मिसळलेले असते.

चौथी पायरी: न्हाण्याचा दिवस

आठवड्यातून एकदा, किंवा फार तर दोन आठवड्यांतून एकदा न्हावे. आपल्याकडे दिवसाआड डोक्यावरून अंघोळ करणारी माणसे आहेत, ती सवय या केसांना मानवत नाही. दीड ते दोन तास मोकळे ठेवावेत, घाईच्या दिवशी हा विषयच काढू नये.

आदल्या रात्री किंवा निदान अर्धा तास आधी केसांवर पाणी फवारून खोबरेल लावावे. त्यानंतर केसांचे सहा ते आठ भाग करून प्रत्येक भाग सैल पिळून चिमट्याने बांधावा. आता एकेक भाग सोडून त्यावर मेथीचे किंवा अंबुनूचे पाणी भरपूर ओतावे, इतके की केस हातातून निसटू लागतील. गुंता आधी बोटांनी, मग रुंद दातांच्या कंगव्याने सोडवावा आणि नेहमी टोकाकडून सुरुवात करून दोन-दोन बोटे वर सरकत मुळाकडे जावे. दुसऱ्या हाताने मुळाजवळचा केस धरून ठेवला तर ताण टाळूपर्यंत पोहोचत नाही आणि मूल रडत नाही. सोडवलेला भाग लगेच पुन्हा पिळून बांधावा.

मग धुणे. सौम्य, सल्फेट नसलेला शॅम्पू पाण्यात पातळ करून फक्त टाळूवर बोटांच्या पेरांनी चोळावा, लांबीवर तो ओघळून जातो तेवढा पुरतो. केस डोक्यावर गोळा करून घासू नयेत. पश्चिम आफ्रिकेतील काळा साबण, ज्याला योरुबा लोक ओसे दुदू आणि घानात अलाता सामिना म्हणतात, तो केळीच्या सालींची आणि कोकोच्या टरफलांची राख वापरून करतात. तो उत्तम स्वच्छता करतो, पण बराच अल्कधर्मी असतो. एक भाग साबणाला पाच भाग पाणी घेऊन महिन्यातून एकदाच वापरावा आणि नंतर अंबाडीच्या फुलांचे पाणी डोक्यावरून जरूर ओतावे. दोन मिनिटांनी साध्या पाण्याने धुवावे. शेवटी कंडिशनर लावून केस धुवावेत आणि सुती टी-शर्टने दाबून पाणी टिपावे. टॉवेलने खसखसून पुसले तर तासभराची मेहनत वाया जाते.

केस अजून ओले असतानाच, प्रत्येक भागावर थोडे पाणी, मग थोडे तेल आणि मग शियाचे मलम या क्रमाने लावावे. मलम एका भागाला वाटाण्याएवढे पुरते. टोकांना जास्त आणि मुळांना जवळजवळ नाहीच. ज्यांना चेबे लावायचे आहे त्यांनी मलमाऐवजी चेबेचे मिश्रण घ्यावे, टाळूपासून एक बोट अंतर सोडून टोकापर्यंत लावावे आणि तो भाग सैल वेणीत गुंफावा. टाळूला चेबे लावल्यास खाज येते आणि कूपांच्या तोंडाशी थर बसतो. बसारा स्त्रियाही ते लांबीवरच लावतात.

पाचवी पायरी: मधले दिवस आणि रात्र

दोन न्हाण्यांच्या मध्ये केस सोडून पुन्हा विंचरण्याची गरज नसते. दोन-तीन दिवसांनी वेण्यांवर पाणी फवारून टोकांना मलमाचे बोट फिरवले की पुरे. रोझमेरीचे पातळ केलेले तेल आठवड्यातून दोन-तीनदा भांगांमधून टाळूवर लावून पाच मिनिटे हलक्या हाताने चोळावे. मात्र टाळूवर कोंडा असेल तर तेल थांबवावे. कोंड्यामागची बुरशी तेलावरच जगते, आणि कोंडा दिसला की अधिक तेल थापण्याची आपल्याकडची व आफ्रिकेतलीही जुनी सवय रोग वाढवते. तिथे केटोकोनॅझोलसारखा औषधी शॅम्पू डॉक्टरांना विचारून वापरणे बरे.

वेण्या घालताना एक कसोटी कायम लावावी. वेणी घातल्यावर डोके दुखत असेल, कपाळाची कातडी ओढली जात असेल किंवा मुळाशी बारीक पुळ्या उठल्या असतील, तर ती वेणी त्याच दिवशी सोडावी. पाहुणे येणार आहेत, लग्न आहे, पैसे खर्च झाले आहेत, यांपैकी कोणतेही कारण चालत नाही. चांगल्या सैल वेण्याही सहा ते आठ आठवड्यांपलीकडे ठेवू नयेत, कारण गळलेले केस आतच अडकून त्यांचा लगदा होतो. रात्री साटीनची किंवा रेशमाची टोपी घालावी किंवा तसा अभ्रा असलेली उशी घ्यावी. सुती अभ्रा ओलावा शोषतो आणि केसांना घासतो. घरातली जुनी रेशमी साडी फाडून मी नातीसाठी दोन टोप्या शिवल्या, त्या दुकानातल्या टोप्यांपेक्षा जास्त टिकल्या.

आहाराबद्दल थोडेच लिहिते. केस प्रथिनांचा बनलेला असतो आणि कूपाला लोह लागते. नायजेरियात हौसा भाषेत झोगाले म्हणतात ती पाने म्हणजे आपल्या शेवग्याचा पाला. तो शेंगदाण्याच्या कुटाबरोबर तिथे रोज खाल्ला जातो आणि आपल्याकडे त्याची भाजी होते. केसांवर थापण्यापेक्षा शेवगा ताटात अधिक उपयोगी पडतो.

सहावी पायरी: मोजमाप

आरशात रोज पाहून काही कळत नाही, कारण वाळलेला केस आखडतो आणि हवेतल्या दमटपणानुसार त्याची लांबी बदलते. डोक्यावरील चार ठिकाणे ठरवावीत: कपाळामागे, दोन्ही कानांवर आणि मानेजवळ. दर दोन महिन्यांनी न्हाल्यावर तिथली एकेक बट हलकेच ताणून टेपने मोजावी आणि वहीत लिहावी. त्याच दिवशी कानशिलांचा फोटो त्याच उजेडात काढावा. दोन महिन्यांत दीड सेंटिमीटरच्या आसपास वाढ दिसली तर केस टिकत आहेत. काहीच फरक नसेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी: आधी वेणीचा ताण, मग विंचरण्याची पद्धत, आणि सर्वांत शेवटी वनस्पती. बहुतेक घरांत हा क्रम उलटा असतो आणि तीन महिन्यांत सात बाटल्या जमतात.

आमच्या वहीत पहिल्या चार महिन्यांत कानशिलांच्या नोंदीत काहीच बदल नव्हता. त्यानंतर बारीक, मऊ लव दिसू लागली आणि केस भरून यायला एकूण आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत आम्ही मेथीचे पाणी, खोबरेल आणि निलोटिका शिया याखेरीज काहीही वापरले नाही, आणि कानाजवळचे केस एकदाही वेणीत घेतले नाहीत.